तिला पाणी देत जा

गाडीची सीट उचलल्यावर खाली आठ बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी सहा व्होल्टच्या. प्रत्येकीत तीन सेल, म्हणजे चोवीस सेल आणि चोवीस बुचं. बॅटऱ्यांना एका माळेत जोडणाऱ्या सात जाड तारा. एक तेरा नंबरचा पाना, चार घड्या घातलेलं एक फडकं, गुलाबी रबरी फुग्याची एक पिचकारी आणि एक मेलेला कोळी.

मोजपट्टी नावाच्या मुलीनं चोवीसही बुचं काढली आणि टॉर्च धरून आत पाहिलं. एकोणीस सेलमधल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. चार सेलमध्ये तळाशी थोडं पाणी होतं. उरलेल्या एकात काहीच दिसत नव्हतं. तिनं ॲसिडचा दाटपणा मोजायच्या हायड्रोमीटरची नळी त्यात घालून फुगा दाबला, तर वर आलं ते पाव चमचाभर करडं पाणी. त्यात मापक तरंगायलाच तयार नव्हता. आठ बॅटऱ्यांची बेरीज भरली एकोणीस व्होल्ट. असायला हवी होती अठ्ठेचाळीस.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. सहा वर्षांची असताना घरी आलेल्या एका पाहुण्याच्या नाकाला तिनं पट्टी लावली होती आणि आकडा मोठ्यानं सांगितला होता. पाहुणे पुन्हा आले नाहीत, नाव मात्र राहिलं. आता तिनं पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला दुसऱ्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"झालं का गं शवविच्छेदन?" बाबांनी गॅरेजच्या दारातून विचारलं. त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते आणि दुखरा गुडघा सांभाळत ते एका बाजूला कलून उभे होते.

"झालं. सगळ्या गेल्यात."

"मी काय म्हणत होतो? तुझी आई गेली आणि ही तिच्यामागं गेली. यंत्रांनाही कळतं बरं का."

"यंत्रांना काही कळत नाही, बाबा."

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय मी. तू मला शिकव."

गाडी दोन माणसांची होती, चार चाकांची, बाबांच्या लग्नाहूनही जुनी. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. समोरून पाहिलं तर कुणीतरी अचानक हाक मारल्यामुळे दचकलेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता. घरात तिला डबी म्हणत. डबीच्या टपावर घडीची शिडी बांधून आणि शेजारच्या सीटवर हत्यारांची पिशवी ठेवून बाबा आठवड्यातून एकदा गावातल्या चार मोठ्या घड्याळांना चावी द्यायला जात. चार महिन्यांपूर्वी डबी बंद पडली आणि बाबा घरी बसले. शिडी घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? वाचनालयात तेव्हापासून सव्वाचारच वाजले होते. दवाखान्याचं घड्याळ निदान दिवसातून दोनदा बरोबर असतं, असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे नाहीत.

म्हणून मोजपट्टीला जाण्याआधी डबी चालू करायची होती. नुसती चालू नाही. आपण इथं नसताना कुणी न बघताही चालत राहील, अशी.

"बाबा, या बॅटऱ्यांकडे कोण बघायचं?"

"बघायचं काय त्यात? संध्याकाळी वायर लावायची, सकाळी काढायची. नऊ वर्षांत एकदाही सीट उचलली नाही मी. तीच तर गंमत आहे! घड्याळाला आठवड्याला चावी लागते, तेल लागतं, साफसफाई लागते. हिला? काही नाही. गावात कुणाच्या बॅटऱ्या पाच वर्षांच्या पुढं गेल्या नाहीत. माझ्या नऊ गेल्या. विचार कुणालाही."

कुणालाही विचारायची गरज नव्हती. गेली नऊ वर्षं हे गावातल्या प्रत्येकानं निदान दोनदा ऐकलं होतं.

मोजपट्टीनं चहाचा घोट घेतला. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतलं पाणी थोडं थोडं वायू होऊन उडून जातं, हे तिनं परीक्षेत समीकरणासकट लिहिलं होतं. वरून पाणी घातलं नाही तर अशी बॅटरी वर्षभरात कोरडी पडते. नऊ वर्षं टिकत नाही. बाबांचं म्हणणं आणि समोरच्या बॅटऱ्या, दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं. पण खात्री होईपर्यंत बोलायचं नाही, ही प्रयोगशाळेतली सवय होती. तिनं पिचकारी उचलली, फुगा दाबून पाहिला. रबर अजून मऊ होतं.

*

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिनं बाबांसमोर हिशेब मांडला. जुन्याच जातीच्या शिशाच्या आठ बॅटऱ्या घेतल्या तर वजन दोनशे चोवीस किलो. लिथियमचा एकच खोका घेतला तर शेहेचाळीस. एका चार्जमध्ये डबी दीडपट लांब जाणार. आयुष्य दुपटीहून जास्त. आणि मुख्य म्हणजे आत पाहायचं नाही, उघडायचं नाही, काही नाही.

"शेहेचाळीस किलो?" बाबा म्हणाले. "मग वाऱ्यानं उडाली तर?"

"स्प्रिंगा थोड्या वर येतील. त्याचं करू काहीतरी."

"नको. ही लिथियम कालची पोर. कानामागून आली आणि तिखट झाली. मला त्याच हव्यात. तोच रंग, तोच आकार."

"का पण? एक तरी कारण सांगा."

"त्यांनी कधी त्रास दिला नाही, हे कारण नाही?"

"बाबा, मी इथं नसणार."

"मग? त्या काय तुला बघून चालत होत्या?"

हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती उठली, ताटं उचलली. बाबा खिडकीपाशी गेले. तिथं मातीच्या कुंडीत आईनं लावलेली वेल होती. चौकटीला बांधलेल्या दोऱ्यावरून ती आता पडद्याच्या दांडीपर्यंत पोचली होती. पानं तळहाताएवढी, आणि एकावरही पांढरा डाग नाही. या गावचं पाणी इतकं जड, की किटलीच्या तळाला दर महिन्याला खरवड धरायची. इतरांच्या झाडांची पानं पिठात लोळल्यासारखी दिसायची.

"वेल मात्र छान ठेवलीत तुम्ही," ती म्हणाली.

"तिनं सांगून ठेवलंय ना," बाबा म्हणाले.

*

बॅटरीवाल्या काकांचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. दारातच बॅटऱ्यांची उतरंड, आत ॲसिडचा आंबूस वास, आणि त्याच्या मधोमध चाळणीसारखा झालेला एप्रन घातलेले काका. मोजपट्टीनं त्यांना मोबाइलवरचे फोटो दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"कोरड्या ठणठणीत. तहानेनं मेल्या बिचाऱ्या." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पण असं कसं होईल? पाणी तर तुमच्याकडं जातंय."

"कुठलं पाणी?"

"डिस्टिल्ड वॉटर. आधी तुझी आई न्यायची, महिन्याला एक बाटली. ती गेल्यापासून साहेब नेतात. न चुकता! परवाच दोन नेल्या. मी मनात म्हटलं, वा, बाईंचं काम साहेबांनी उचललं."

मोजपट्टी काउंटरच्या कडेला टेकली. "आई घालायची पाणी?"

"मग काय बॅटऱ्या आपोआप नऊ वर्षं चालल्या? त्या बसवल्या त्या दिवशी तुझे वडील डबी घेऊन गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरत होते. मी समजावून सांगितलं ते बाईंना. आधी पूर्ण चार्ज, मग पाणी. प्लेटा बुडाल्या पाहिजेत, पण काठोकाठ नाही. नळाचं पाणी चुकूनही नाही. एकदाच सांगितलं, पुन्हा विचारायला आल्या नाहीत. रविवारी दुपारी साहेब झोपले की करायच्या."

"आणि बाबांना माहीत नव्हतं?"

काका हसले. "मी एकदा म्हटलं होतं, साहेबांना सांगा की, तेही हात लावतील. तर म्हणाल्या, राहू दे हो. गाडी काही मागत नाही, हे सांगण्यात त्यांचा दिवस चांगला जातो."

मोजपट्टीची नजर त्यांच्या एप्रनवर गेली. पोटापासून मांडीपर्यंत बारीक बारीक भोकं होती, कडा विरलेली.

"ही भोकं ॲसिडची?"

"हो तर. शिंतोडा उडतो तेव्हा काही दिसत नाही. धुतलं की भोक."

आईचा निळा सुती गाऊन अजून कपाटात होता. त्याला पोटाजवळ अशीच भोकं होती, आणि दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आल्यावर मोजपट्टीनं ती पाहिली होती. कसर लागली म्हणून तिनं कपाटाच्या चारही कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. आई म्हणाली होती, "ठेव बाई, ठेव. शिकलेली पोर आहेस."

तिनं लिथियमचा खोका पाठवायला सांगितला आणि घरी निघाली. वाटेत वाचनालय लागलं. सव्वाचार वाजले होते.

*

ती घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीपाशी होते. त्यांच्या हातात एक लिटरची पांढरी बाटली होती, आणि घड्याळात तेलाचा थेंब सोडावा तितक्या हलक्या हातानं ते कुंडीत पाणी घालत होते. बाटलीवर निळ्या अक्षरांत 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलं होतं.

"हे पाणी वेलीला?" तिनं विचारलं.

"हेच लागतं तिला. नळाचं नाही चालत. तुझ्या आईनं दवाखान्यात सांगितलं नव्हतं का? तू होतीस की तिथं."

ती होती तिथं. खाटेच्या उजव्या बाजूला, यंत्राच्या जवळ. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्याच्या आतून आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. आई बाबांना म्हणाली होती, "तिला पाणी देत जा हं. तुम्ही विसराल. नळाचं नको. बाटलीतलं." बाबा वाकून म्हणाले होते, "वेलीला ना? देईन, देईन. तू बोलू नकोस." तेव्हा आईनं चादरीवरून हात थोडा उचलला होता आणि दोनदा इकडून तिकडं हलवला होता. मग तो खाली ठेवला होता.

मोजपट्टी त्या वेळी यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. ऑक्सिजन एक्क्याण्णव होता. तो आकडा तिला आजही आठवत होता. हात हलला त्याचा अर्थ काय, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. नंतर विचारण्यासारखी वेळ राहिली नाही.

वेल, गाडी, बॅटरी. तिघीही 'ती'.

बाबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ओल पाहिली. "किती दिवस जगवली बघ. एक वर्ष. एक आठवडा चुकला नाही मी."

"हो, बाबा," ती म्हणाली.

सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. सांगून पाणी मागं वळणार नव्हतं. लिथियम बसवायची, डबी चालू करायची, घड्याळं चालू करायची. वेल तर जगलीच आहे. एका चुकीमुळे एक गोष्ट मेली आणि एक जगली, पण हे फक्त तिला आणि फार तर बॅटरीवाल्या काकांना माहीत असलं म्हणजे पुरे होतं.

*

दुसऱ्या दिवशी खोका आला. करडा, चौकोनी, गुळगुळीत. बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि खिळखिळ्या घड्याळाकडे बघावं तसं पाहिलं.

"मला न विचारता मागवलंस?"

"बसवून तर बघू. आवडली नाही तर परत."

"यावर दिवे कसले लागतात हे?"

"आत काय चाललंय ते कळतं. फोनवरही दिसतं. मी तिकडं बसून बघू शकते."

"म्हणजे तू तिकडं बसून माझ्या सीटखाली बघणार! आणि घरातून कोण बघणार? शेजारी?" बाबा हसले, पण तोंड कडूच होतं. "पोरी, तू हुशार आहेस, मला मान्य आहे. पण हे नको. मला त्याच हव्यात."

"बाबा, त्यांना निगा लागते."

"कसली निगा? नऊ वर्षं..."

"लागते! पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात लिहिणाऱ्यानं माझी डबी पाहिली नव्हती." त्यांनी रिकाम्या सीटवर हात ठेवला, आई बसायची त्या बाजूला. "काही नाही लागलं गं त्यांना. काही नाही. अगदी तुझ्या आईसारख्या. नऊ वर्षांत कधी काही मागितलं म्हणून नाही."

मोजपट्टीच्या हातातला पाना टेबलावर जरा जोरात आदळला.

"मागत होत्या, बाबा. दर महिन्याला मागत होत्या. त्यांच्यात पाणी घालावं लागतं. चोवीस बुचं उघडून, प्रत्येकात, पिचकारीनं. तुम्ही रविवारी झोपलात की आई ते करायची. म्हणून नऊ वर्षं चालल्या."

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबा सीटवरचा हात काढायला विसरले होते.

"कुणी सांगितलं तुला?"

"बॅटरीवाल्या काकांनी."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"फक्त त्यांना."

"आणि आता तुला." बाबांनी मान हलवली. मग घड्याळजी जसा एकेक चाक बाजूला काढून ठेवतो, तसे ते बोलले. "ती गेली. मग कुणी पाणी घातलं नाही. म्हणून आठ महिन्यांनी त्या सुकल्या. त्या तिच्यामागं गेल्या नाहीत. मी घालवल्या."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"सांगितलं होतं तिनं. मी बाटलीसुद्धा बरोबर आणत होतो. मला म्हणाली, तिला पाणी देत जा. मी म्हटलं, वेलीला ना? मग तिनं हात हलवला. असा." त्यांनी हात उचलून दोनदा इकडून तिकडं हलवला. "मला वाटलं, ती म्हणतेय पुरे झालं, जा आता घरी. ती नाही म्हणत होती गं. ती 'नाही' म्हणत होती, आणि मी तिला गप्प बसवलं."

मोजपट्टीला वाटलं, आत्ताचं हे अर्धं मिनिट परत मिळावं. पाना हातातच ठेवावा, तोंड बंद ठेवावं. बाबा नऊ वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर गावभर मिरवत होते, ती तिनं एका वाक्यात त्यांच्याकडून काढून घेतली होती. आणि तीही कशासाठी? बॅटरीच्या जातीवरचा वाद जिंकायला.

"मी पण तिथंच होते," ती म्हणाली. "मलाही कळलं नाही."

"तू यंत्राकडे बघत होतीस. कुणीतरी बघायला हवंच होतं." बाबा खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "किती लागायचं?"

"काय?"

"पाणी. एका वेळी किती घालायची ती?"

"माहीत नाही. बॅटरी किती जुनी, किती चार्ज केली, त्यावर आहे. मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"तूही सांगू शकत नाहीस?"

"नाही."

त्यांनी करड्या खोक्याकडे पाहिलं. "याला किती लागतं?"

"काहीच नाही."

"मग हा परत दे," बाबा म्हणाले. "त्या आठ आण."

तिनं वाद घालून पाहिला. गुडघा, वाकणं, डोळे, ॲसिड. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. बाबांनी सगळे मुद्दे ऐकून घेतले, एकही खोडला नाही.

"केसाहून बारीक स्प्रिंग मी अजून बसवतो," ते शेवटी म्हणाले. "बुचं काय, उघडीन."

*

आठ बॅटऱ्या बसवायला बॅटरीवाले काका स्वतः आले. या वेळी बाबा गल्लीत मिरवायला गेले नाहीत. ते स्टूल घेऊन शेजारी बसले आणि प्रत्येक तारेला प्रश्न विचारत राहिले. शेवटी काका म्हणाले, "साहेब, नऊ वर्षांपूर्वी इतकं विचारलं असतंत, तर मी तुम्हाला दुकानातच ठेवून घेतलं असतं." बाबा हसले नाहीत तेव्हा काकांच्या लक्षात आलं, आणि ते खाली मान घालून नट आवळू लागले.

चार्ज झाल्यावर बाबा सगळ्यात आधी वाचनालयात गेले. मोजपट्टी शेजारच्या सीटवर, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, "अरे वा, चालू झाली का! नवीन बॅटऱ्या? या पण नऊ वर्षं जाणार ना हो?"

"बघावं लागेल," बाबा म्हणाले.

एक तारखेला मोजपट्टी नोकरीवर गेली. फोनवर बाबा घड्याळांविषयी बोलत. दवाखान्याचं दोन मिनिटं पुढं जातं, शाळेतल्या घड्याळात कबुतरानं घरटं केलंय. डबीविषयी ती विचारायची तेव्हा "चालते" एवढंच सांगत. पूर्वी एवढ्या प्रश्नावर त्यांनी अर्धा तास घेतला असता.

पाच आठवड्यांनी ती दोन दिवसांसाठी घरी आली. रविवार होता. जेवण झाल्यावर बाबा झोपायला गेले नाहीत. ते कपाटापाशी गेले आणि आईचा निळा गाऊन काढून सदऱ्यावर चढवला. तो त्यांना पोटावर घट्ट आणि पायांत आखूड होत होता. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

"शोभतोय का?"

"रंग शोभतोय."

"मापाचं तू बोलू नकोस," बाबा म्हणाले.

गॅरेजमध्ये चार्जरचा हिरवा दिवा लागला होता, म्हणजे चार्ज पूर्ण झाला होता. बाबांनी वायर काढली. शिडीच्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी सीट उचलली, चोवीस बुचं काढून फडक्यावर ओळीनं मांडली आणि उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं. मोजपट्टीनं स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून बाटली आधी त्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि मग बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पिचकारी भरली. पहिल्या सेलवर वाकले. भिंगातून बराच वेळ पाहिलं, फुगा हळूच दाबला, थांबले, पुन्हा दाबला. गुडघा दुखला की ते न बोलता पाय बदलत होते. सातव्या सेलला एक थेंब बाहेर पडला. तो त्यांनी फडक्यानं टिपला.

"एवढं वाकून करायची ती," ते एकदाच म्हणाले. "तिची पाठ दुखायची रविवारी. मी म्हणायचो, कपडे कमी धुवत जा."

मोजपट्टी टॉर्च धरून उभी राहिली.

चोविसावं बूच लावून झाल्यावर बाबांनी फडक्याच्या चार घड्या केल्या, पाना आणि पिचकारी त्यावर ठेवली आणि सीट खाली केली. बाटली त्यांनी तिच्याकडे दिली. तिनं ती काट्यावर ठेवली, वजाबाकी केली आणि आकडा सांगितला. बाबांनी तो एकदा स्वतःशी म्हटला, बाटली परत घेतली आणि गाऊन न काढताच घरात गेले.

बाटली एक लिटरची होती. चोवीस सेलना मिळून चारशे दहा मिलिलिटर लागलं. उरलेलं पाचशे नव्वद वेलीला घातलं.